हे कुणी बांधलं? मुलांना इंजिनिअरिंगची ओळख कशी करून देता?

ओसरी
नमस्कार मंडळी. धागा लांबेल असं वाटतंय, चहा घेऊनच बसा.

लेक चौथीत आहे. शाळेने 'जगातील प्रसिद्ध वास्तू' असा प्रकल्प दिलाय. वर्गातली निम्मी मुलं आप्पा बळवंत चौकातून आयफेल टॉवरचं तयार किट घेऊन आली, गोंद लावला, काम फत्ते. आमच्या लेकबाईंनी तक्त्यात एक जास्तीचा रकाना पाडलाय, 'कोणी बांधलं?' आणि तिथेच गाडं अडलंय. ताजमहाल शहाजहानने, रायगड महाराजांनी, शनिवारवाडा बाजीरावांनी, कात्रजची पाणीयोजना नानासाहेबांनी. तिचं म्हणणं, "हे सगळे मालक झाले गं. बांधलं कुणी?"

तर प्रश्न असा की सात ते बारा वयाच्या मुलांना हे कसं दाखवता? चरित्रं वाचायला देता, ठिकाणं दाखवता, की घरात काही करून बघता? पुणे आणि आसपासचं सुचवा. आणि हात जोडून विनंती, रोबोटिक्सच्या क्लासची जाहिरात नको. नवरा आणि मी दोघंही इंजिनिअर आहोत, पण आयटीतले, त्यामुळे घरात या विषयाचा उजेडच आहे.

चहाटळ
पुण्यात घरटी तीन इंजिनिअर आणि नळाचा वॉशर बदलायचा तर प्लंबर कधी येतो म्हणून तिघंही खिडकीत. आधी आईबाबांना ओळख करून द्या. (दिवे घ्या)

रानवारा
रायगडाचा रकाना भरून टाका : हिरोजी इंदुलकर. गडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' म्हणून त्यांचं नाव कोरलेलं आहे. बक्षीस काय हवं असं महाराजांनी विचारलं तेव्हा त्यांनी ही पायरी मागितली, ही सांगोवांगीची गोष्ट. पण दगड खरा आहे, आणि मुलांना तो बोट लावून वाचता येतो. आमची पोरं दरबाराच्या जागेपेक्षा त्या पायरीपाशीच जास्त वेळ रेंगाळली.

ताजमहालासाठी उस्ताद अहमद लाहोरी हे नाव घेतात.

पिंपळपान
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रकल्प येणार आहे, शाळा एकच दिसतेय :ड

कॅरिअर_कट्टा
चांगला विषय. पण लक्षात घ्या, आता सहावीपासूनच फाउंडेशन सुरू केलं नाही तर पुढे जेईईला...

चहाटळ
@कॅरिअर_कट्टा, पोरगी चौथीत आहे हो! तिला आधी पाढे तरी म्हणू द्या.

ओळंबा
माझी उभी हयात साइटवर गेली, म्हणून चार शब्द.

जगप्रसिद्ध वास्तू जरा बाजूला ठेवा. तुमच्या सोसायटीच्या आजूबाजूला काहीतरी बांधकाम चालू असणारच, ज्या रस्त्यावर ते नाही असा पुण्यातला रस्ता मला दाखवा. साइट इंजिनिअरला विचारून, हेल्मेट घालून, अर्धा तास पोरांना मिस्त्रीच्या शेजारी उभं करा. लेझर आलं तरी छोट्या साइटवर लेव्हल अजून पाण्याच्या नळीनेच काढतात. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक या खांबाशी मिस्त्रीच्या हातात, दुसरं पलीकडच्या खांबाशी हेल्परच्या. मधे भिंत असो की खड्डा, नळी कशीही वेडीवाकडी पडलेली असो, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येऊन थांबतं. "आलं का?" "थांब... आलं!" की दोघं पेन्सिलीने खूण करतात. आत बुडबुडा अडकला तर लेव्हल खोटी येते, म्हणून मिस्त्री आधी नळी नखाने टिचक्या मारत तपासतो. हे सगळं पोरं डोळे फाडून बघतात. पाठ्यपुस्तकात 'द्रव आपली पातळी समान राखतो' एवढीच ओळ असते.

नातवाने घरी आल्यावर माशांच्या टाकीची नळी घेतली आणि अख्खं घर मोजलं. न्हाणीघराची फरशी एका बाजूला उतरती आहे हे त्याने शोधून काढलं. हा उतार मुद्दाम दिलेला असतो हे कळल्यावर त्याला बिल्डरविषयी आदर वाटला. मला तो इतक्या वर्षांत वाटलेला नाही.

दुसरं, कुणाची इंजिनिअरिंग कॉलेजात ओळख असेल तर काँक्रीटचा ठोकळा फोडताना दाखवा. स्लॅब भरताना त्याच मालातून १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, पाण्यात मुरवतात, काही सातव्या दिवशी आणि काही २८ व्या दिवशी मशिनमध्ये दाबतात. काटा चढत जातो आणि एका क्षणी फाट्कन तडा जातो. इमारत उभी राहते ती मुद्दाम फोडलेल्या ठोकळ्यांच्या भरवशावर, हे पोरांना फार आवडतं. फोडाफोडी कुणाला आवडत नाही?

चहाटळ
फोडाफोडीवरून आठवलं. चांदणी चौकातला जुना पूल, सुरुंग लावून पाडायचा होता. २ ऑक्टोबर २०२२, रात्री एक वाजता अख्खं पुणं जागं. धडाम झालं, धूळ बसली, आणि पूल बराचसा जागेवरच. आमचे शेजारी म्हणाले, "पुणेरी आहे, सांगून ऐकणार नाही."

ओळंबा
@चहाटळ, हसू नका, मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे ती. स्फोटाने काँक्रीट सुटलं, सळया सुटल्या नाहीत, त्या पोकलेनने नंतर काढाव्या लागल्या. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताणासाठी आत लोखंड घालतात. सळई कशासाठी असते हे याहून चांगलं कोणत्या फळ्यावर दिसणार?

खडूफळा
मी प्राथमिकला शिकवते. ओसरीताई, रकाना पाडणाऱ्या मुलीला माझा शाबासकीचा शिक्का.

वर्गात मी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरते. ट्यूबचे छोटे तुकडे करायचे, त्यांत दोन्हीकडून काड्या खुपसायच्या, झाला सांधा. (काड्यांचा गूल आधी खरवडून टाका, बाई म्हणून सांगते.) आधी चौकोन करायला लावायचा. तो बोटाने ढकलला की कलंडतो. मग त्रिकोण. तो ढकलून ढकलून हलत नाही. मग चौकोनात एक तिरकी काडी टाका, तोही हटून बसतो. त्यानंतर मुलांना खिडकीतून समोरचा हायटेन्शनचा टॉवर आणि बांधकामावरची क्रेन बघायला सांगायचं. सगळा वर्ग त्रिकोण मोजायला लागतो. हे काड्यांचं मेकॅनो अरविंद गुप्तांनी पोरांपर्यंत पोचवलं. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचं मुक्तांगण विज्ञान केंद्र आहे, तिथे त्यांनी बरीच वर्षं अशी कचऱ्यातून खेळणी केली.

आणि आयफेल टॉवरच्या रकान्यात नुसतं 'आयफेल' लिहू नका. पहिला आराखडा त्यांच्या कंपनीतल्या मॉरिस केकलँ आणि एमिल नुगिए या दोन इंजिनिअरांचा, १८८४ सालचा. तो जरा ओबडधोबड होता, स्तेफान सोवेस्त्र या आर्किटेक्टने त्याला कमानी वगैरे देऊन रूप आणलं. आयफेल साहेबांनी हक्क विकत घेतले, काम तडीस नेलं, १८८९ मध्ये टॉवर उभा राहिला. सुमारे १८,००० लोखंडी भाग आणि २५ लाख रिव्हेट. म्हणजे तुमच्या लेकीच्या भाषेत तेही अर्धे मालकच!

मुळशीचा_पाव्हणा
सगळे कौतुक करताहेत तर जरा विरजण घालतो.

मुलांना नावं पाठ करून काय मिळणार? एका मालकाच्या जागी एक इंजिनिअर आला, पाटी बदलली. जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब रेल्वेपुलाचं उद्घाटन जून २०२५ मध्ये झालं तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक माधवी लता यांचं नाव घरोघरी गेलं. त्यांनी स्वतःच सांगितलं, मला उगाच प्रसिद्ध करू नका, हे हजारोंचं काम आहे. पण आपल्याला एक चेहरा लागतोच.

आणि तुमच्या तक्त्यात अजून एक रकाना हवा : 'कुणाचं गेलं?' आमच्या आजोबांचं गाव मुळशीच्या धरणाखाली आहे. मुंबईला वीज हवी होती म्हणून मावळातल्या भातखाचरांवर पाणी आलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी त्यासाठी सत्याग्रह केला, लोक तुरुंगात गेले, धरण व्हायचं ते झालंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजोबा काठावर उभे राहून 'तो आंबा, ते देऊळ' असं बोट दाखवायचे. आम्हाला काहीच दिसायचं नाही, नुसता गाळ. रविवारी तिथे भजी खायला जाणाऱ्यांनी मुलांना हेही सांगावं.

खडूफळा
@मुळशीचा_पाव्हणा, रकाना मान्य. नावांचं मान्य नाही. नऊ वर्षांच्या मुलाला 'हजारो लोक' दिसत नाहीत हो, त्याला एक माणूस दाखवावा लागतो आणि त्याचा हात धरून मग बाकीचे हजार.

निशिगंध
नावांवरून एक आमच्या घाटातलं. पुणे-मुंबई रेल्वेचा बोरघाट कुणी बांधला? इंजिनिअर जेम्स बर्कली हे नाव मिळतं. कंत्राटदार होते सॉलोमन ट्रेडवेल, ते १८५९ मध्ये इथे आले आणि आल्या आल्या आजारी पडून गेले. त्यांच्या बायकोने, अ‍ॅलिसबाईंनी, कंत्राट सोडलं नाही. जाणती माणसं नेमली आणि काम पुरं करून घेतलं. १८६१ मध्ये एकावेळी ४२,००० हून जास्त मजूर घाटात होते. बोगदे २५. सुरुंग आणि कॉलरा यांत किती मेले याची गणती कुणी नीट ठेवली नाही. १८६३ मध्ये गाडी सुरू झाली.

मुलांना दाखवायची सोपी जागा म्हणजे कर्जत. मुंबईहून येताना सगळे वड्याकडे धावतात, तुम्ही मुलाला घेऊन गाडीच्या मागच्या टोकाला जा. तिथे जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, पुढच्या एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नाही, म्हणून मागून ढकलायचं. लोणावळ्याला ती सुटतात. माझा मुलगा आता वडा सोडून बँकर बघतो. (वडा मी आणून देते, हे तो सांगत नाही.)

रानवारा
त्याच घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे, जुन्या हायवेवर. घाटाची वाट साहेबाला सापडेना तेव्हा शिंगरोबा धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकतात. पाव्हण्यांच्या रकान्यात बसतंय बघा.

निशिगंध
आणि मुलींसाठी शकुंतला भगत. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून बाहेर पडल्या, देशातल्या सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनिअरांपैकी एक. वडील एस. बी. जोशी, पूल बांधणीतलं मोठं नाव. पूल सुट्या ठरावीक भागांतून जागेवर जोडता यावा अशी पद्धत त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी काढली. पहिला पूल हिमाचलात स्पितीला, १९७२ मध्ये. मोठी क्रेन जिथे चढतच नाही तिथे ही पद्धत कामाची.

नारायणपेठी
ओसरीबाळ, धागा वाचून राहवेना.

आमच्या पिढीला धरण म्हणजे काय हे १२ जुलै १९६१ ला कळलं. पानशेत मातीचं धरण, काम पुरतं आटोपलेलं नव्हतं आणि पाऊस लागून राहिला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, म्हणून ते रात्री न फुटता दिवसा फुटलं. त्याच्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फुटलं. रात्री झोपेत पाणी आलं असतं तर नदीकाठच्या पेठांत कोण उरलं असतं? आम्हाला वडिलांनी पर्वतीकडे पिटाळलं होतं. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर भिंतीवर माझ्या उंचीच्या दुप्पट चिखलाची रेघ, आणि आईचा पाटावरवंटा तेवढा जागेवर. शहराला पाणीपुरवठाच नव्हता. वाड्याची विहीर उपसून साफ केली त्यावर पुढचे दिवस निघाले.

त्याच खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते, १९०३ साली. पाणी ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की दार आपसूक उघडायचं, उतरलं की मिटायचं. माणूस नको. भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी मावायला लागलं. विश्वेश्वरय्या शिकले पुण्यातच, आज ज्याला सीओईपी म्हणतात त्या इंजिनिअरिंग कॉलेजात. १९६२ च्या एप्रिलमध्ये गेले, म्हणजे पानशेत फुटलं तेव्हा ते हयात होते. त्यांना ती बातमी कशी वाटली असेल, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

पिंपळपान
आजोबा, अंगावर काटा आला. पण इतक्या लहान मुलांना धरण फुटल्याचं सांगावं का? माझा मुलगा नंतर खडकवासला चौपाटीवर पाय टाकणार नाही.

मुळशीचा_पाव्हणा
सांगावं. न सांगता मोठी झालेली माणसंच पुढे पूररेषेच्या आत फ्लॅट घेतात.

ओळंबा
पाव्हणे, तुमच्याशी पहिल्यांदा एकमत. आमच्या धंद्यात प्रत्येक नियमामागे कुठलं तरी पडलेलं काहीतरी आहे. फक्त सांगताना 'का पडलं' इथपर्यंत जा, 'पडलं आणि माणसं मेली' इथे थांबू नका. मूल घाबरतं ते कारण न कळल्यामुळे.

विश्वेश्वरय्यांच्या दरवाजांसाठी घरातलाच दाखला आहे. टाकीचं झाकण उघडून बॉल कॉक दाखवा. पाणी वर आलं की बॉल वर येतो आणि नळ बंद. यंत्र वेगळं, पण 'पाण्यानेच पाण्यावर पहारा ठेवायचा' ही कल्पना तीच. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे नद्या, बंदरं आणि धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत खरं पाणी सोडतात. उठून जाता येत नाही, शाळेतर्फे पत्र द्यावं लागतं. खडूफळा बाई, मनावर घ्या.

खडूफळा
घेतलं. पत्र लिहायला मी, सह्यांसाठी फिरायलाही मीच, माहीत आहे मला.

अडगळ_आणि_कंपनी
उशिरा आलो. कात्रजचा रकाना कुणी भरलाच नाही! नानासाहेबांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. पंप नाही, नुसता उतार. मधे मधे उच्छ्वास बांधलेत, म्हणजे आतली हवा बाहेर पडायची धुराडी. ओळंबाकाकांच्या नळीतला बुडबुडा इथेही नडला असता, म्हणून. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही सगळी त्याच नळाची लेकरं. आता नुसते बसस्टॉप आणि चौक उरलेत.

सध्याचं काही हवं असेल तर सिव्हिल कोर्टचं मेट्रो स्टेशन. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. सरकत्या जिन्याने उतरताना मुलांना मजले मोजायला लावा, दहा मजली इमारत उलटी उतरल्यासारखं होतं. बोगदे खणणाऱ्या यंत्रांची नावं होती मुळा, मुठा आणि पवना. पोरांना यंत्राला नाव असतं हेच भारी वाटतं.

चहाटळ
मुठा नावाच्या यंत्राने मुठा नदीच्या खालून भोक पाडलं. आणि नदीवरचा लकडी पूल लाकडाचा नाही. मुलांना नक्की काय सांगायचं ते एकदा ठरवा.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

ताजी खबर : ओळंबाकाकांचं ऐकून शेजारच्या साइटवर गेलो. तिथल्या मुकादम मामांनी लेकीच्या हातात नळीचं एक टोक दिलं आणि "आलं का?" विचारलं. तिने इतक्या जोरात "आलं!" म्हटलं की वरच्या मजल्यावरचे सेंट्रिंगवाले खाली वाकून बघायला लागले. मामांनी तिला ओळंबा पण धरायला दिला. मामा मूळचे गुलबर्ग्याचे, त्यांनी मोठमोठ्या टॉवरवर कामं केलीत आणि त्यातल्या एकातही लिफ्टने वर गेलेले नाहीत, कारण काम संपेपर्यंत लिफ्ट बसलेली नसते आणि नंतर वॉचमन आत सोडत नाही.

तक्त्याचे आता चार रकाने झालेत : कुणी सांगितलं, कुणी आखलं, कुणी केलं, कुणाचं गेलं. तिसऱ्यात बऱ्याच ठिकाणी 'नाव माहीत नाही' येतंय. बाईंनी रिकाम्या जागा भरून आणायला सांगितल्यात. कुठून भरू, बाई?

खडूफळा
मी तुमच्या जागी असते तर 'नाव माहीत नाही' तसंच ठेवून दिलं असतं आणि बाईंना हा धागा पाठवला असता.

निशिगंध
विषय निघालाच आहे तर : फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सगळ्यांना खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रा. गोविंद स्वरूप यांची कल्पना. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून तबकडी केली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी, वारा आरपार जातो. आपल्याकडून दोन गाड्या काढूया का?

पिंपळपान
आम्ही तिघं. पाण्याची भानगड नाही ना तिथे?

निशिगंध
नाही. फक्त मोबाइल बंद ठेवावे लागतात, आकाशातून येणारे रेडिओ संकेत फार क्षीण असतात, त्यात आपल्या फोनची भर नको म्हणून.

चहाटळ
मोबाइल बंद? म्हणजे आमचे चिरंजीव एका गाडीत आणि त्यांचे तीर्थरूप दुसऱ्या गाडीत ठेवावे लागतील. दोन जागा धरा.

नारायणपेठी
एक जागा माझी. पुढची सीट, गुडघ्यांमुळे. आणि येताना नारायणगावात मिसळीला थांबायचं असेल तरच येतो.